जन्मतारीख बदलून वय बदलत नाही

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. आंब्याचा हंगाम संपत आला होता आणि मी पुण्याहून आठ दिवसांसाठी विजयदुर्गला घरी आलो होतो. सकाळी बंदरावर फेरी मारून परतलो तर ओट्यावर एक चाचा बसलेले. ते आमच्या गावचे नाहीत, वाघोटन खाडीच्या काठावरच्या दुसऱ्या एका गावचे. पण आमच्या घराशी त्यांचा जुना संबंध आहे. माझे वडील आणि ते मुंबईत एकाच खोलीत राहिलेले. अम्मीने चहा आणला. पावसाच्या, आंब्याच्या दराच्या गप्पा झाल्या. मग त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले आधार कार्ड काढले आणि म्हणाले, "तू कंप्युटरमधला माणूस. एवढं दोन वर्षांचं काम करून दे. २००७ चं २००५ करायचं."

कार्ड त्यांच्या नातीचे होते. तिने त्याच मार्चमध्ये दहावीची परीक्षा दिली होती आणि निकाल अजून लागायचा होता.

मी सांगितले की आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलून मिळते, तीही पुरावा जोडल्यावर. घरी बसून ती कुणालाच बदलता येत नाही, आणि खोटा दाखला जोडणे हा गुन्हा आहे. चाचा थोडा वेळ कार्डाकडे बघत राहिले. "मग राहू दे," ते म्हणाले. "काझी ओळखीचा आहे. तो कार्ड मागणार नाही." चहा संपवून ते उठले. मी खोटे काम केले नाही या समाधानात पेट्या भरायला लागलो आणि रविवारच्या गाडीने पुण्याला परत गेलो. मुलीला मी कधी पाहिलेलेही नव्हते. तिच्याशी बोलावे, तिच्या आईला गाठावे, निदान जमातीच्या एखाद्या शहाण्या माणसाला फोन करावा, यातले काही माझ्या मनात आले नाही.

या अंकासाठी 'किशोरवयातली गर्भधारणा कशी रोखायची' हा विषय ठरला तेव्हा संपादकीय एखाद्या डॉक्टरांनी लिहावे असे बैठकीत सुचवले गेले होते. मी ते मागून घेतले. आजाराची बाजू डॉक्टर माझ्यापेक्षा नक्कीच चांगली सांगतील. पण आपल्या मोहल्ल्यांत ही गोष्ट घडते ती दवाखान्यात पोहोचण्याच्या कितीतरी आधी, ओट्यावर चहा पिताना. त्या ओट्यावर मी बसलेलो होतो.

आधी आकडे बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीसाठी महाराष्ट्रातली पाहणी २०१९ मध्ये झाली. त्यात २० ते २४ वयाच्या ज्या स्त्रियांना विचारले, त्यांच्यातल्या २१.९ टक्के जणींचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झाले होते. चौथ्या फेरीत हाच आकडा २६.३ होता, म्हणजे घट झाली. देशाचा आकडा २३.३ आहे, म्हणजे आपण देशापेक्षा थोडे बरे. आता दुसरा आकडा. १५ ते १९ वयाच्या ज्या मुली पाहणीच्या वेळी आई झालेल्या होत्या किंवा गरोदर होत्या, त्यांचे प्रमाण महाराष्ट्रात ७.६ टक्के. आधीच्या फेरीत ते ८.३ होते, म्हणजे घट अगदीच थोडी. आणि देशाचा आकडा ६.८. इथे आपण देशापेक्षा वाईट आहोत.

हे दोन आकडे वेगवेगळ्या वयोगटांचे आहेत, त्यामुळे त्यांची सरळ वजाबाकी करता येत नाही. तरी मला ते बराच वेळ खटकत राहिले. बालविवाह देशाच्या सरासरीपेक्षा कमी असलेल्या राज्यात किशोरवयीन मातृत्व सरासरीपेक्षा जास्त कसे? माझा अंदाज असा की आपल्याकडे ज्या मुलीचे लग्न लवकर होते, तिच्यावर पाळण्याची घाईही तितकीच होते. वर्षाच्या आत "काही आहे का?" हा प्रश्न सुरू होतो, आणि गोळी किंवा निरोध याविषयी त्या सोळा वर्षांच्या मुलीला कुणी काही सांगितलेले नसते. तिच्या पंचवीस वर्षांच्या नवऱ्यालाही नसते.

या सर्वेक्षणात सापडणाऱ्या या वयातल्या माता जवळपास सगळ्याच विवाहित असतात. 'टीनएज प्रेग्नन्सी' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कॉलेजातली बिघडलेली पोर येते, मोबाईल येतो, शहर येते. प्रत्यक्षातली बहुसंख्य मुलगी हातावर मेंदी काढून, घरच्यांच्या दुआ घेऊन, सगळ्या गावाच्या देखत सासरी गेलेली असते. ज्या गोष्टीची भीती वाटते म्हणून आपण मुलीचा निकाह लवकर लावतो, तीच गोष्ट त्या निकाहातून होते. फक्त तिला आपण वेगळे नाव देतो, खुशखबर म्हणतो.

परभणी जिल्ह्यात अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण याच पाहणीत ४८ टक्के आढळले, बीडमध्ये ४३.७. बीडचे कारण धर्मात शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. तिथून लाखो लोक दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परततात. मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'ला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. मुलगी वयात आली की तिला गावात एकटी ठेवायची भीती, आणि फडावर नेली तरी भीती. लग्न लावले की जबाबदारी सरते आणि एक कोयता वाढतो. तिथे मराठा, वंजारी, दलित, मुसलमान असे सगळे त्यात आहेत. हे मी आपला बचाव म्हणून सांगत नाही. आपल्यावर बोट दाखवले गेले की "त्यांच्यातही होते" एवढे म्हणून मोकळे व्हायची आपल्याला सवय आहे. मला बीडमध्ये दिसते ते असे की मुलीच्या सुरक्षिततेची जबाबदारी एकट्या बापाच्या डोक्यावर टाकली की बाप ती लवकरात लवकर दुसऱ्याच्या डोक्यावर देतो. विजयदुर्गचा बाप ऊस तोडायला जात नाही. तो जहाजावर असतो, नाही तर दोह्यात, कुवेतमध्ये असतो. भीती तीच.

आपला सिंधुदुर्ग या बाबतीत पुष्कळ बरा, हे मान्य. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता ८५ टक्क्यांच्या वर होती. दहावीच्या निकालात आमचा कोकण विभाग दरवर्षी पहिला असतो आणि त्याचे पेढे मोहल्ल्यातही वाटले जातात. पण प्रमाण कमी असण्याचा एक तोटा असतो. जिथे शंभरात चाळीस मुलींचे असे होते, तिथे निदान तो प्रश्न आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. जिथे दोघी-तिघींचेच होते, तिथे तो त्या घरचा मामला ठरतो, दार लावून मिटवला जातो, आणि ती मुलगी अगदी एकटी पडते.

खाडीकाठच्या त्या मुलीचे पुढे काय झाले ते मला बरेच उशिरा कळले. घाई कशाची होती, तर ती शाळेतल्या एका मुलाशी फोनवर बोलते असे कुणीतरी तिच्या दादीच्या कानावर घातले होते. एवढेच. बोलण्यापलीकडे काही नव्हते, असे ती सांगते आणि माझा तिच्यावर विश्वास आहे. पण "उद्या काही झालं तर?" या एका वाक्यावर सगळे घर हलले. बाप जहाजावर, त्यामुळे निर्णय आजोबांनी घेतला. लांबच्या नात्यातला, आखातात नोकरीला असलेला मुलगा चाळीस दिवसांच्या सुट्टीवर आला होता. दहावीत तिला ७८ टक्के मिळाले. निकाह झाला तेव्हा तिला सोळा पूर्ण होऊन थोडे महिने झाले होते. सुट्टी संपून नवरा परत गेला आणि ती गरोदर राहिली.

पुढचे कायद्याने झाले. म्हणजे कायद्याच्या भीतीने झाले. दवाखान्यात गेले तर वय विचारतील, म्हणून पहिले काही महिने तिला नेलेच नाही. या राज्यात १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींच्या अंगात रक्त कमी असते, तिच्याही होते. लोहाच्या गोळ्या वेळेवर मिळाल्या नाहीत. रक्तदाब कुणी मोजला नाही. कोवळ्या वयाच्या आईला झटके येण्याचा धोका अधिक असतो आणि तिचे मूल अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे होण्याची शक्यताही अधिक असते, हे कुठलीही आशाताई सांगू शकली असती. आशाताईंनाही घराबाहेरूनच वाटेला लावले होते. आठव्या महिन्यात पाय सुजले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा रात्री गाडी करून नेले. बाळ जगले. वजन दीड किलोच्या आसपास होते आणि कित्येक आठवडे ते काचेच्या पेटीत होते. डॉक्टरांनी वय बघून पोलिसांना कळवले. त्यांना ते कळवावेच लागते. गुन्हा नोंद झाला, त्यात नवऱ्याचे नाव आले आणि निकाह लावणाऱ्यांचेही. नवरा अटकेच्या भीतीने परत आलेला नाही, त्याने आपल्या मुलाला फोनच्या पडद्यावरच पाहिले आहे. चाचा सत्तरी ओलांडलेले, ते कोर्टाच्या तारखांना जातात.

इज्जत वाचवण्यासाठी केलेल्या कामाचा हा हिशेब आहे.

आता आपल्या लोकांच्या नेहमीच्या प्रश्नाकडे येतो. मुलगी बालिग झाली की निकाह जायज आहे, मग सरकार मध्ये कुठून आले? हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण तो विचारणारे सगळेच काही दुष्ट नसतात. पर्सनल लॉमध्ये बालिग होण्याचे वय पुरावा नसेल तर पंधरा धरतात, हे खरे. काही उच्च न्यायालयांनी त्याच्या आधारे निकाल दिले, काहींनी उलट दिले. पण फौजदारी कायद्याच्या बाबतीत गोंधळाला जागा उरलेली नाही. लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणारा २०१२ चा कायदा, ज्याला सगळे पोक्सो म्हणतात, अठराखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि तिची संमती ग्राह्य धरत नाही. बायको अठराच्या आतली असेल तर तिच्याशी संबंध हा बलात्कार, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये सांगितले आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच लिहिलेले आहे. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा. त्यात बालविवाह लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. निकाहनाम्यावर सही करणारे काझीसाहेब, साक्षीदार आणि मंडपात खुर्च्या मांडणारे जमातीचे पदाधिकारी यांनी हे एकदा शांतपणे वाचावे.

बालिग या शब्दाबद्दलही थोडे बोलू. यतीमांचा माल त्यांच्या हवाली कधी करावा, याविषयी कुरआनात जे आले आहे त्यात नुसत्या निकाहाच्या वयावर गोष्ट थांबत नाही. मुलांमध्ये समज आली आहे का ते पारखून बघायला सांगितले आहे. आलिम लोक त्या समजेला रुश्द म्हणतात. मी आलिम नाही, त्यामुळे यावर फार बोलणार नाही. पण घरातली चार तोळे सोन्याची चावी ज्या मुलीच्या हातात आपण देत नाही, "अजून लहान आहे" म्हणतो, तिच्या पोटात मूल देताना ती मोठी कशी होते, एवढे तरी विचारता येईल. फिक्हमध्ये खियारुल-बुलूग आहे, म्हणजे लहानपणी वलीने लावून दिलेला निकाह वयात आल्यावर नाकारण्याचा मुलीचा हक्क. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात तो नोंदलेला आहे. मुलीचे मत मोजले पाहिजे ही कल्पना बाहेरून आलेली नाही. आपण मात्र तो हक्क तिला कधी सांगत नाही.

आणि आपण तिला आणखी काय काय सांगत नाही? "अशा गोष्टी आपल्यात बोलत नाहीत" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकले आहे आणि ते खरे नाही. मक्तबात मी दहा-अकरा वर्षांचा असताना मौलवीसाहेबांनी आम्हाला तहारत शिकवली. गुस्ल कधी फर्ज होतो हे शिकवले. आम्ही पोरे खाली मान घालून हसलो, त्यांनी छडी आपटली आणि पुढे शिकवले. मुलींना हैजचे मसले शिकवतात. फिक्हच्या किताबांत हैज आणि निफास यांची वेगळी प्रकरणे आहेत, आणि ती ज्या मोकळेपणाने लिहिली आहेत त्या मोकळेपणाने आजचे शाळेचे पुस्तक लिहिलेले नाही. म्हणजे शरीराबद्दल बोलण्याची परंपरा आपल्याकडे आहे. आपण ती वजू आणि नमाजपर्यंत आणून सोडून दिली. पाळी आली म्हणजे नमाज सुटते, हे मुलीला कळते. पाळी आली म्हणजे गर्भ राहू शकतो, तो कसा राहतो, आणि कुणी नात्यातल्याने हात लावला तर ते कुणाला सांगायचे, हे कळत नाही. ही शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची. लग्नाबाहेर गरोदर राहिलेली प्रत्येक मुलगी प्रेमात पडलेली नसते. मुलांवरच्या अत्याचारात आरोपी बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. ज्या मुलीकडे त्या गोष्टीसाठी शब्दच नाहीत, ती सांगणार कशी?

शाळेने हे शिकवावे असे म्हणाल, तर शाळेची गोष्ट वेगळीच आहे. २००७ मध्ये किशोरवयीन मुलांसाठीच्या शिक्षण कार्यक्रमावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्यात तो बंद केला गेला. विरोध करणाऱ्यांत मुसलमान पुढे नव्हते, हे गंमत म्हणून नमूद करतो. संस्कृतीच्या नावाने गप्प बसण्यात सगळे भाऊ भाऊ असतात. याच कोकणातल्या मुरुडला जन्मलेल्या र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले होते आणि १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले. त्यापायी गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली, अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. शंभर वर्षे झाली. आपण अजून "मुलांना हे सांगितले तर बिघडतील" इथेच आहोत. युनेस्कोने जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तर असे शिक्षण मिळालेली मुले लवकर संबंध ठेवू लागतात असे कुठे दिसले नाही.

मुलांचे, म्हणजे मुलग्यांचे, तर कुणी नावच काढत नाही. गर्भधारणा रोखायची म्हटले की आपण मुलीचा फोन काढून घेतो, ओढणी नीट करतो, शाळा सोडवतो. बंदरावर संध्याकाळी जाळ्यांच्या ढिगावर बसलेली पंधरा-सोळा वर्षांची पोरे फोनमध्ये काय बघतात हे सगळ्यांना माहीत आहे. मी ज्या धंद्यात आहे त्यात माणसाची नजर पडद्यावर जास्तीत जास्त कशी खिळून राहील यावरच पैसा मिळतो, तेव्हा खात्रीने सांगतो की पासवर्ड लावून आणि साइट बंद करून काही होत नाही. चौदा वर्षांचा मुलगा माझ्यापेक्षा जलद पळवाट शोधतो. त्याला स्त्रीबद्दल शिकवणारा दुसरा कुणीच नसेल, तर तो जे बघेल तेच शिकेल. त्याच्याशी बाप बोलत नाही, आणि बाप जहाजावर असेल तर मामाने, मोठ्या भावाने, इमामसाहेबांनी बोलायचे. सतरा वर्षांच्या मुलाला हेही कळले पाहिजे की "तिचीही इच्छा होती" हे कायद्यात चालत नाही आणि त्याचे सारे आयुष्य बालन्याय मंडळासमोर उभे राहू शकते.

रोखता येते, याचा पुरावा फार लांब नाही. पैठण तालुक्यातल्या पाचोडला इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट ही संस्था आहे. तिने नव्वदच्या दशकाच्या अखेरीला गावागावांत लग्न न झालेल्या मुलींसाठी संध्याकाळी एक तासाचा वर्ग सुरू केला, वर्षभर. शिकवणाऱ्या बाया त्याच गावच्या, फार शिकलेल्याही नाहीत. आरोग्य, आहार, शरीराची माहिती, ग्रामपंचायत कशी चालते, बँकेत खाते कसे उघडतात असल्या गोष्टी. घरच्यांना "लग्न लावू नका" असे भाषण कुणी दिले नाही. काही वर्षांत तिथल्या मुलींच्या लग्नाचे मध्यम वय सोळावरून सतरावर गेले. एक वर्ष म्हणजे किती, असे वाटेल. त्या वर्षात मुलीची दहावी होते.

संध्याकाळचा एक तास आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आधीच आहे. मक्तब भरतेच. आठवड्यातला एक दिवस मुलींसाठी आपल्याच समाजातल्या एखाद्या नर्सबाईला, शिक्षिकेला बोलवायला काय लागते? राज्यातल्या सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री' नावाचे क्लिनिक असते, समुपदेशन फुकट असते. मी आमच्या मोहल्ल्यात दहा-बारा घरी विचारले, एकालाही हे नाव माहीत नव्हते. जुम्याच्या खुत्ब्याआधी दोन मिनिटांत ते सांगता येईल.

जमातीकडे माझे मागणे एकच आहे, आणि ते कागदाचे आहे. कोकणात जमातीच्या पत्राशिवाय निकाह होत नाही. दुसऱ्या गावची वरात येणार असेल तर दोन्ही जमातींची पत्रे लागतात, येणे बाकी असेल तर ते आधी वसूल होते. ही ताकद बीडच्या ग्रामसेवकाकडे नाही. पत्र देण्याआधी मुलीचा जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला बघायचा, त्याची झेरॉक्स निकाहाच्या रजिस्टरला लावायची. आधार कार्ड नको, दाखलाच. मंगनी झाली असेल तरी निकाह अठरानंतर. काही जमाती हे करू लागल्या आहेत, त्यांचे कुणी वाकडे केलेले नाही. आणि जो शेजारी हे बघतो आहे आणि ज्याला कुणाशी वैर नको आहे, त्याच्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे. नाव सांगावे लागत नाही. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. दंडाधिकारी मनाई हुकूम देऊ शकतात, आणि तो मोडून लावलेले लग्न मुळातच रद्द ठरते. मला हे सगळे त्या मे महिन्यात माहीत नव्हते असे नाही. फोन माझ्या हातातच होता.

हे सगळे करूनही एखादी मुलगी गरोदर राहील. तेव्हा काय? तेव्हाचा पहिला नियम असा की निकाह लावून ते झाकायचे नाही आणि औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून घरी काही करायचे नाही, त्यात मुली दगावतात. अल्पवयीन मुलीला २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात करून घेता येतो, पालकाच्या लेखी संमतीने. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, पुढे दोघांचे लागते. म्हणून दिवस महत्त्वाचे आहेत. पोलिसांच्या भीतीने लोक जात नाहीत, तर त्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सांगितले आहे की अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचे नाव-गाव उघड करण्याची गरज नाही. गर्भपात करायचा की नाही यावर आपल्यात मतभेद आहेत, पुढच्या अंकाच्या उर्दू पानांवर त्याविषयी दोन लेख येत आहेत. पण डॉक्टरकडे लवकर जायचे की उशिरा, यावर मतभेद असण्याचे कारण नाही. मूल ठेवायचे ठरले तरी पहिल्या महिन्यापासून तपासणी हवी. खाडीकाठच्या त्या मुलीला कुणी वेळेत नेले असते तर ते बाळ पेटीत गेले नसते कदाचित.

या वर्षी गणपतीच्या सुट्टीत मी घरी गेलो. कोकणातला माणूस मुसलमान असला तरी त्याची सुट्टी गणपतीलाच असते, कारण कंपनीत तेवढी एकच रजा कुणी नाकारत नाही. परतायच्या आदल्या दिवशी ती आली, बाळाला कडेवर घेऊन. माहेरीच राहते. अम्मीने बाळाला घेतले. मी काय बोलावे ते मला सुचेना. चाचा मे महिन्यात माझ्याकडे कार्ड घेऊन आले होते हे तिला ठाऊक होते.

"तुम्ही त्यांना नाही म्हणालात ना भाई," ती म्हणाली. "मला तेव्हा कळलं असतं, तर मी पण म्हणाले असते. एकटीने म्हणायला भीती वाटत होती."

तिला बारावीला बाहेरून बसायचे होते. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा होता आणि शाळेतल्या कुणाला विचारायची तिला लाज वाटत होती. मी लॅपटॉप उघडला. दहावीचे मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, फोटो. माध्यम उर्दू की मराठी, तर मराठी. शाखा कला. विषयांवरून थोडा वाद झाला, तिला अर्थशास्त्र हवे होते आणि मी अवघड जाईल म्हणत होतो. शेवटी अर्थशास्त्रच ठेवले. जन्मतारखेच्या रकान्याशी आल्यावर मी तिच्याकडे पाहिले. तिने दाखल्यावर बोट ठेवून वाचून दाखवली आणि मी तीच टाइप केली. मग नेट गेले, पाऊस लागला होता. रात्री साडेदहाला ते परत आले आणि फॉर्म गेला.